पुढे धार, मागे सपाट

९ जानेवारी

ताई,

नमस्कार-बिमस्कार राहू दे. तू हे पत्र फाडणारच असशील तर एवढं वाचून फाड: माझा नवरा होडी बांधून घेतोय, आणि ती कशाला ते मला खरं सांगत नाहीये.

आई गेल्यापासून आपण बोललो नाही आणि आता लिहायचं ते होडीबद्दल, म्हणजे तुला हसूच येईल. पण दुसरं कुणाला विचारू? बाबा होड्या बांधायचे तेव्हा फळीचं एक टोक तू धरायचीस, दुसरं मी. इथे फेरीबोटीच्या खिडकीवर माझ्याबरोबर तिकिटं फाडणाऱ्या बायकांना होडी म्हणजे नुसतं तरंगणारं काहीतरी.

हे निवृत्त झाल्यापासून घरात वळवळ करत होतेच. सगळी नोकरी फेरीबोटीच्या इंजिनखोलीत गेली, आता घरातला पंखासुद्धा उघडून ठेवतात. दिवाळखोर झाल्यासारखा चेहरा करून एक दिवस म्हणाले, मासे मारायला एक छोटी होडी करावी म्हणतो. ज्या माणसाला गळाला गांडूळ लावताना ओकारी येते तो मासे मारणार. मी मान हलवली. तिकीट तपासणाऱ्याने पहिल्या खोट्यावर कधी बोलू नये, दुसऱ्याची वाट बघावी.

फार वाट बघावी लागली नाही. जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या शेडमध्ये एक बाई ॲल्युमिनियमच्या होड्या बांधते. हे आठवड्यातून तीनदा तिथे. मला आधी बाईचाच संशय आला, खोटं कशाला बोलू. रजा टाकून बघून आले. उंच बाई, आवाज बसका, हातभर ठिणग्यांचे डाग, आणि दिवसभर तोंडावर वेल्डिंगची ढाल. तिला मान वर करायला वेळ नाही, ती काय कुणाला नादी लावणार. तो संशय मी तिथेच सोडला.

पण बाईने मला होड्यांची बुडं दाखवली. एक सपाट, परातीसारखं. हलकं, वीतभर पाण्यात जातं, पण लाट आली की धाडधाड आपटतं. दुसरं खोल, खालून पाचरीच्या आकाराचं. लाट कापत जातं, पण त्याला पाणी जास्त लागतं, इंजिन मोठं लागतं, आणि उभं असताना डुलतं. तिसरं मधलं, पुढे धार आणि मागे जवळजवळ सपाट. ती म्हणाली, बूड आवडीनिवडीने निवडायचं नसतं, कुठे जायचंय ते आधी सांगायचं, बूड आपोआप ठरतं.

आणि यांनी काय निवडलंय माहीत आहे? खोल बूड. आमच्या खाडीत, जिथे वारं सुटलं तरी पाण्यावर नुसता काटा येतो. अंगणात शतपावली करणारा माणूस डोंगर चढायचे बूट मागतोय. मी विचारलं तर म्हणाले, मजबूत असतं. हे दुसरं खोटं. मजबूत तर बुलडोझरही असतो.

तुला काय वाटतं ते कळव. बाकी सगळं ठीक.

तुझी धाकटी


२४ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "होडीतलं मला आता काही समजत नाही. त्याला त्याच्या मनासारखं करू दे. गुडघ्याला जपायला सांग."

तीनच वाक्यं, पण तीन वेळा वाचली. यांचा गुडघा दुखतो हे मी तुला लिहिलं नव्हतं.

मग मी घरात बसून डोकं चालवलं. हे दर दुसऱ्या गुरुवारी गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातात. पहाटेची बस धरतात, अंधार पडल्यावर येतात. एवढा लांबचा डॉक्टर कशाला, तर म्हणे हात चांगला आहे. गेल्या गुरुवारी मी त्यांची पँट धुवायला घेतली आणि दुमडीतून वाळू पडली. आमच्याकडे खाडीचा काळा चिखल. ही लालसर, जाड, शिंपल्यांचा चुरा असलेली. ती वाळू मी आणि तू केसांतून विंचरून काढायचो. डोळे मिटून बोटांनी ओळखीन.

खाडीच्या तोंडाशी टोक आहे ना, त्याला वळसा घातला की लाट चालू. तिथे सपाट बूड घेऊन गेलं तर दात खिळखिळे होतील. तिथे खोल बूडच लागतं. आणि टोकाच्या पलीकडे उतरण्यासारखं ठिकाण एकच. बाबांच्या घराखालची वाळूची पुळण. तुझं दार.

आणि स्वतःची होडीच का, तेही कळलं. फेरीबोटीने गेले तर माझ्या खिडकीसमोरून जावं लागतं. बसने गेलं तर अख्खी खाडी वळसा घालून जावं लागतं आणि गुडघ्याची वाट लागते. बायकोने तिकीट तपासू नये म्हणून माणूस होडी बांधतोय. हे मी कुणाला सांगितलं तर लोक पोट धरून हसतील. मला हसू आलं नाही.

काय चाललंय तुमचं? सरळ विचारते, सरळ सांग.


६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. म्हणजे मला वाटतं ते खरं.

मला काय वाटतं तेही ऐक. बाबांच्या घराचं काहीतरी शिजतंय. मला वगळून घर कुणाच्या तरी घशात घालायचं, आणि यांना गोड बोलून आपल्या बाजूला वळवायचं. आईच्या वेळीही असंच. सगळं उरकल्यावर मला निरोप. "वारं होतं, बोटी बंद होत्या." वारं निरोपाला आडवं आलं होतं का?

आज यांना जेवताना मुद्दाम विचारलं, ताईकडे बरी खबर आहे का? घास हातातच राहिला. म्हणाले, मला कसं कळणार. ज्याला खरंच माहीत नसतं तो म्हणतो, "का, काय झालं?" इतकी वर्षं खिडकीवर बसून मला एवढं तरी कळतं. बिनतिकीट माणूस आधी खिसे चाचपतो.

आता एक गंमत सांगते, ती फक्त तुला. कपाटावर यांनी पत्र्याची तीन छोटी मॉडेलं लपवली होती, त्या बाईने तुकड्यांची करून दिलेली. हे शेडवर गेले तेव्हा मी कपडे भिजवायच्या टबात वाळू पसरली, वर दोन बोटं पाणी सोडलं, आणि प्रत्येकात वजनाला चमचे ठेवले. खोल बूड वाळूला टेकलं आणि कुशीवर कलंडलं. चमचे पाण्यात. तुला ठाऊकच आहे का ते. ओहोटीला तुझ्या घरासमोरचा वाळूचा दांडा किती लांबवर वर येतो, ते यांना माहीत नाही. हे बसने येतात, मागच्या रस्त्याने. समोरून कधी आलेत? ते पहिल्याच फेरीत दांड्यावर बसणार, होडी कलणार, इंजिनाचा पंखा वाळूत रुतणार, आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून भरतीची वाट बघणार.

सोमवारी पत्रा कापायला घेणार आहेत. एकदा कापला की कापला. मी एक शब्द बोलणार नाहीये. अडकू दे. तू खिडकीतून बघ.


१० फेब्रुवारी

ताई,

अक्षर लागलं नाही तर लावून घे.

काल शनिवारी दुपारी मी शेडवर गेले. यांचा डबा राहिला होता हे निमित्त, खरं तर बघायचं होतं पुढे काय चाललंय ते. हे नव्हते, इंजिनाचं बघायला गेले होते. बाई जमिनीवर खडूने होडी आखत होती, खऱ्या मापाची. मला म्हणाली बरं झालं आलात, तुम्हालाच विचारायचं होतं, पुरुषांना यातलं समजत नाही. मला वाटलं गादीबिदीचं असेल.

तिने विचारलं, "बाळाची बैठक मधे करू ना? यांनी पुढे सांगितलीय, पण पुढे हिसके बसतात. दीड वर्षाच्या पोराची मान असते केवढी."

माझ्या हातात डबा होता. मी म्हटलं, मधे करा. मग विचारलं, यांनी अजून काय सांगितलंय? ती म्हणाली, काठ उंच हवेत, नात सारखी वाकते म्हणून. लेक एका हाताने धरून बसेल अशी दांडी हवी. हे सगळं ती मला अशा आवाजात सांगत होती, जशी मीच त्या बाळाला रोज न्हाऊ घालते. मी हो हो म्हणत राहिले. बाहेर येऊन त्या बर्फाच्या कारखान्याच्या पायरीवर बसले.

संध्याकाळी हे आले. मी दिवा लावला नव्हता. म्हटलं, बसा. बसले. म्हटलं, नात कशी आहे?

ताई, तो माणूस रडला. लग्नात नाही, आई-वडील गेले तेव्हा नाही, आणि काल टेबलावर डोकं ठेवून रडला. मला अजून रडू आलेलं नाही.

मग सगळं सांगितलं. आमची पोरगी शहरात नाहीच. नोकरी, मैत्रिणींबरोबरची खोली, "आवाज तुटतोय आई, नंतर बोलते", सगळं रचलेलं. पोटात बाळ असताना तो पोरगा, ज्याला मी पहिल्यापासून नको म्हणत होते, तिला सोडून गेला आणि ती तुझ्याकडे आली. बाळंतपण तू केलंस. आणि हे दर दुसऱ्या गुरुवारी नातीला खेळवायला, गुडघा घेऊन.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? मी काय राक्षसीण आहे?

मला वाटलं हे म्हणतील, तू त्या पोराच्या घरमालकिणीकडे जाऊन चौकशी केलीस, त्याच्या कचेरीबाहेर उभी राहिलीस, म्हणून पोरगी दुखावली. ते बोलणं मी हजारदा ऐकलंय आणि माझं उत्तर तयार होतं. की बघा, माझं खरं निघालं की नाही.

हे म्हणाले, "तू बरोबर होतीस, म्हणूनच ती येत नाही. चुकली असतीस तर केव्हाच आली असती."

मी उठून दिवा लावला.

तुझ्यावरचा राग मात्र आहे, ताई. तो जाईल असं समजू नकोस. दीड वर्षाचं माणूस आहे ते. बसायला लागलं, उभं राहिलं, चालायला लागलं. हे सगळं तू पाहिलंस, माझ्या नवऱ्याने पाहिलं, आणि मी रोज सकाळी त्याच पाण्यावर जाणाऱ्यांची तिकिटं फाडत होते. आईच्या वेळी एकदा आणि आता दुसऱ्यांदा. पोरीने शपथ घातली असेल, मान्य. पण तू मोठी आहेस. लहानांच्या शपथा मोठ्यांनी किती पाळायच्या?

पोरीला हे पत्र दाखवू नकोस. मला कळलंय हे तिला कळवू नकोस. एकदा तरी तूही माझ्या बाजूने काहीतरी लपव.


११ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

घाईत लिहितेय, टपालाची थैली बोटीवर चढतेय.

रात्री झोप लागली नाही. दांडा डोळ्यांसमोरून जाईना. आधी त्यावर हे एकटे अडकणार होते. आता कललेल्या होडीत पोरगी आणि नात बसलेल्या दिसायला लागल्या.

सकाळी उघडायच्या आधी शेडवर जाऊन उभी राहिले. हे मागून आलेच. मी बाईला म्हटलं, पत्रा कापू नका, हे बूड चालणार नाही. हे म्हणाले, तुला काय माहीत. मग मी तिचा खडू घेतला आणि जमिनीवर टोक काढलं, पुळण काढली, दांडा काढला, ओहोटीला पाणी कुठवर हटतं ते काढलं. यांनी ते बराच वेळ पाहिलं. आपली बायको कुठल्या किनाऱ्यावरची आहे हे माणूस इतक्या वर्षांत विसरून गेला होता.

बाई म्हणाली मग मधलंच. पुढे धार, टोकावरची लाट फोडायला. मागे जाताजाता सपाट, वाळूवर सरळ बसायला. खाली जाड पट्टी, घासली तरी पत्रा झिजू नये म्हणून. इंजिन वर उचलता येईल असं. तिने हेही सांगितलं की खोल बुडाइतकं हे मऊ चालणार नाही, लाट मोठी असली की वेग कमी करावा लागेल. मी म्हटलं, करू. यांना कुठे गाडी पकडायचीय.

बाळाची बैठक मधेच.


७ एप्रिल

ताई,

तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच टेबलाशी बसून लिहितेय. पेन तुझं आहे, अडखळतं. तू घरात नाहीस, तेव्हा काय काय झालं ते सांगायला हवं. शिवाय मला गप्प बसवत नाही.

सकाळी निघालो. खाडीत होडी अशी पळाली की यांचा चेहरा पोरासारखा झाला. टोकाशी आल्यावर लाट लागली. दोनदा बूड आपटलं, माझे दात वाजले, मी म्हटलं हळू. त्यांनी वेग कमी केला आणि मग पुढची धार लाटेत शिरायला लागली, पाणी दोन्हीकडे फाकायला लागलं. वळसा घातल्यावर घर दिसलं. तू छपराच्या पत्र्याला निळा रंग दिला आहेस. मला कुणी सांगितलं नव्हतं.

ओहोटी होती. यांनी मुद्दाम ओहोटी धरली असं मला वाटतं. कबूल करत नाहीत. दांडा पाण्याखाली पिवळा दिसत होता. इंजिन वर घेतलं, मी वल्ह्याने ढकलत आणलं. खरखर आवाज झाला आणि होडी टेकली. सरळ. पेला ठेवला असता तरी सांडला नसता.

पोरगी धुणं वाळत घालत होती. यांची होडी येणार हे तिला माहीत होतं, होडीत मी आहे हे नव्हतं. तू तुझा शब्द पाळलास, त्याची नोंद घेतलीय. ती अर्ध्या वाटेपर्यंत हसत आली आणि मला बघून थांबली. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत. बारीक झालीय. आपल्या आईसारखी मान करून उभी राहते, हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

ती म्हणाली, "बोल, काय बोलायचंय ते एकदाचं बोलून टाक."

ताई, दोन वर्षं माझ्याकडे बोलायला एवढं साठलं होतं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मागून लाट आली, होडीचं मागचं टोक फिरायला लागलं. मी म्हटलं, "नाळ धर आधी, होडी फिरतेय."

तिने ते पुढचं टोक धरलं. मी उतरले, दुसऱ्या बाजूने मी धरलं. तिघांनी मिळून होडी वर ओढली. यांचा गुडघा कशालाच उपयोगाचा नाही, तेव्हा खरं तर आम्ही दोघींनीच. ओढताना ती म्हणाली, जरा तुझ्या बाजूने उचल. मी उचललं. होडी वर आली तेव्हा दोघींना धाप लागली होती, आणि धाप लागलेल्या माणसाला भांडता येत नाही. मग ती माझ्या खांद्याला टेकली. मी त्या पोराचं नाव काढलं नाही. यापुढेही काढणार नाही. हे मी तुला लिहून देतेय, कारण माझ्या तोंडावर माझाच भरवसा नाही.

नात दारात खांब धरून उभी होती. मी जवळ गेले तर माझ्याकडे नखशिखांत बघितलं, भुवई वर करून, आणि हात पुढे केला. माझ्या हातात काय आहे ते आधी दाखव म्हणून. मी मूठ उघडून दाखवली. रिकामी होती. तिने आत बोट घालून खात्री केली. हे मागे उभे राहून म्हणाले, झालं, दुसरी फौजदार आली घरात. पोरगी हसली. मी पहिल्यांदा तिथे रडले, मुठीत ते बोट धरून.

तू कुठे आहेस असं विचारलं तर पोरगी म्हणाली, मावशी पहाटेच वरच्या आळीत गेली. "आज भात जरा जास्त टाक," एवढंच तिला सांगून. आणि माझ्यासाठी या टेबलावर चिठ्ठी ठेवलीस: आधी तुम्ही दोघी उरका, माझ्या वाटणीचं भांडण शेवटी.

ते आहेच, ताई. आईच्या शेवटच्या दिवसांत काय झालं, तिने मला बोलवायला सांगितलं होतं की नको म्हणाली होती, हे मी विचारणार आहे. उत्तर कसंही असलं तरी विचारणार. घाबरून वरच्या आळीत बसलीस तरी सुटका नाही. हे उद्या परत जातील, मी रजा टाकून आलेय.

आता दुपार उतरलीय. पोरगी आणि हे खाली होडीशी आहेत, ती इंजिन सुरू करायला शिकतेय, आवाज येतोय. नात माझ्या मांडीवर झोपलीय, तिच्या डोक्याखाली माझा डावा हात आहे आणि त्याला मुंग्या आल्यात.

फाटक वाजलं. पाऊल तुझंच आहे, उजवा पाय घासून टाकायची सवय गेली नाही. मला उठता येत नाही, ही जागी होईल. तू आत ये.